यांग स्टाईलचा उजवा गुडघा

असले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आदिलाबादच्या मैदानावर रोज सकाळी रिटायर्ड माणसं रांगेत उभी राहून हळूहळू हात फिरवायला लागली, की ते आपोआप साठत जातात. मी बाथरूममध्ये घसरले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तोल सुधारायला ताई ची करा, तो चिनी संथ व्यायाम." तोल राहू द्या, करमणूक मात्र भरपूर झाली!

*

आमचे गुरू वानखेडे साहेब. महसूल खात्यातून रिटायर झालेले. शिकले मोबाईलवरचे व्हिडिओ बघून, पण बोलताना कायम "आमची परंपरा".

ताई चीच्या जन्माची एक दंतकथा आहे. डोंगरावरच्या साधूनं साप आणि करकोच्याची लढाई पाहिली. करकोचा चोच मारायचा, साप वळून चुकवायचा. त्यावरून साधूला मऊपणानं लढायची विद्या सुचली. साहेब ही गोष्ट पंचनामा वाचल्यासारखी सांगायचे, आणि दर नव्या मेंबरागणिक तो साधू आमच्या जवळ येत जायचा. आधी तो चीनचा होता. मग भारतातून गेलेला निघाला. शेवटी तर आमच्या शेजारच्या बासरला गोदावरीत आंघोळ करूनच निघाला होता!

गंगारेड्डी सार म्हणजे आमच्यातले तेलुगू शाळेचे मास्तर. त्यांनी एकदा भीत भीत विचारलं, "सार, इसका कुछ रेकॉर्ड?"

साहेब ठसक्यात म्हणाले, "रेकॉर्ड निजामाच्या जमान्यात जळालं!"

*

चेन हे ताई चीचं जुनं घराणं. त्यात पाय आपटायचे, मधेच झटका द्यायचा. यांग त्यातूनच निघालं, पण झटके काढून टाकलेलं, एकसारखं वाहणारं. म्हाताऱ्यांनाही झेपतं ते त्यामुळेच.

"आपन यांग करून राह्यलो," साहेब सांगायचे. आणि उजवं पाऊल टाकलं की "हं!" करून अर्धे खाली बसायचे, तोंड वाकडं करायचे आणि पाय ओढत पुढे न्यायचे. त्यांचा गुडघा कामातून गेला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आमच्या मंडळींनी तेसुद्धा शिकून घेतलं. सगळी रांग "हं!" करून लंगडायची!

एका नवीन माणसानं विचारलं, "हे व्हिडिओत तर नाही?"

गुडघा दुखतो हे कबूल करतील तर ते साहेब कसले! म्हणाले, "ते आतलं बळ हाय. व्हिडिओत देत नसतात."

*

पुष्पाताई सगळ्यांत निष्ठावान. गुडघे ठणठणीत, पण घरीही "हं!" करून लंगडायला लागल्या. सुनेनं घाबरून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेत काहीच निघेना.

"आजी, नेमका त्रास काय होतो?"

"त्रास काऊन होईन? साधना सुरू हाय माही!"

*

सव्वीस जानेवारीला पांढऱ्या कपड्यांत आमचं प्रात्यक्षिक झालं. अख्खी रांग कण्हत, लंगडत मैदानभर फिरली. प्रमुख पाहुण्यांचे डोळे पाणावले. माईकवर गेले आणि त्यांनी गुडघ्यांचं मोफत शिबिर जाहीर केलं!

साहेब फणकारले, "कलेची कदरच नाही यायले!"

*

मला साहेबांची कीव एकदाच आली. चहा पिता पिता ते म्हणाले होते, "मॅडम, घरी मले कोनी टीव्हीचा रिमोट देत नाही. इथं मी हात उचलला का सारे उचलतात. हे गेलं, तर मंग माह्याजवळ काय राह्यलं?"

मी त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली. एवढ्या गर्विष्ठ माणसाला धीर द्यायची मला सवय नव्हती.

पुढे त्यांनी नागपूरला जाऊन गुपचूप गुडघा बदलून घेतला. "तीर्थाला गेलो होतो" असं सांगत ते परतले, तोवर क्लास पुष्पाताई घ्यायला लागल्या होत्या. साहेब पुढे जाऊन उभे राहिले आणि सुरू झाले. पाऊल सरळ, चाल पाण्यासारखी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मैदानावर खरं यांग दिसलं, हे माझ्यासारखीनंही मान्य केलं.

मागे चुळबुळ सुरू झाली. गंगारेड्डी म्हणाले, "सार, बीच में वो छूट गया."

"काय सुटलं?"

"वो... हं!"

साहेब लालबुंद झाले. "अहो, गुडघा दुखे माहा, म्हनून ते होतं! ऑपरेशन झालं आता!"

पुष्पाताई पुढे आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "साहेब, परंपरेले दुखनं नका म्हनू. खंड पडला ना, म्हनून इसरले तुमी. काही दिवस मांगं उभं राहून पाहा, येईन परत."

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या बाजूनं एकही जण पुढे आला नाही. मग ते शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

संगीत सुरू झालं. पुष्पाताईंनी उजवं पाऊल टाकलं. "हं!" रांग खाली बसली. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. नव्या कोऱ्या गुडघ्यावर साहेब खाली बसले, "हं!" म्हणाले आणि पाय ओढत पुढे गेले.

पुष्पाताईंनी वळून पाहिलं.

"येऊन राह्यलं, साहेब! फक्त तोंड अजून थोडं वाकडं करा!"