जळत्या देवासमोर घेतलेलं नाव

शीहे गावच्या नाक्यावर सूमेई तिळाच्या भाकऱ्या भाजून विकायची. हात चटकन चालायचा, तोंड त्याहून चटकन. नवरा गेला तरी तिनं भट्टी थंड होऊ दिली नाही.

वर्ष सरताना चुलीमागच्या भिंतीवरचा कागदी देव स्वर्गात जाऊन घरोघरची हकिगत सांगतो. म्हणून त्या संध्याकाळी त्याच्या ओठांना सातूच्या पाकाची चिकट मिठाई फासायची. तो गोड बोलेल, नाहीतर तोंड चिकटून गप्प तरी बसेल. घरातल्या प्रत्येकाची एकेक भाकरी भाजायची. मग घरच्या पुरुषानं तो कागद जाळताना घरच्यांची नावं घ्यायची. ज्याचं नाव घेतलं, तो त्या घरचा. लग्न झालेल्या लेकीनं मात्र त्या दिवशी माहेरच्या चुलीपाशी थांबायचं नाही, असा दंडक.

यंदा सूमेईची लेक युनशिया घरी होती. नवऱ्यानं दुसरी आणून हिला सोडचिठ्ठी दिली होती.

"आई, मी मावशीकडे जाते गं. लोक बोलतील."

"बोलू देत. पीठ मळ."

लेकीचं सासर सुटलं आणि माहेर तिला मोजेना, हे सूमेईला फार लागलं होतं. कुणीतरी तिचं नाव घ्यायलाच हवं होतं.

दिवेलागणीला धाकटा दीर पाओथिएन आला. नवऱ्यामागे ही पूजा तोच करायचा. पुतणीला पाहून तो दारातच थबकला.

"वहिनी, ही अजून इथंच? देव रागावेल ना!"

"कोणता देव, भावजी? हाच ना? माणूस होता तेव्हा यानंच चांगल्या बायकोला घराबाहेर काढलं. पुढं आंधळा भिकारी होऊन तिच्याच दारात आला. तिनं ओळखलं आणि गरम शेवया वाढल्या. तेव्हा कुठं लाज वाटून जळत्या चुलीत शिरला मेला, आणि चुलीचा देव झाला. माझ्या लेकीवर कोणत्या तोंडानं रागावेल?"

"हळू बोला, ऐकतोय तो!"

"ऐकू दे. अजून मिठाई लावायचीय, तेवढ्यात खरं बोलून घेते."

पाओथिएनला हसू फुटलं, पण होकाराला मान काही हलेना. त्यानं मिठाई फासली, कागद भिंतीवरून सोडवला, पेटवला. युनशिया हळूच दाराकडे सरकली. सूमेईनं तिचा पिठाचा हात घट्ट धरला.

"सूमेई," पाओथिएन म्हणाला आणि थांबला. कागद कडेनं काळा पडत चालला. या पोरीला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. तिच्या खाली गेलेल्या मानेकडे बघवेना त्याला.

"आणि युनशिया!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकलं. "दोघी या घरच्या आहेत. वर नीट सांग!"

युनशिया रडत होती. सूमेईनं तव्यावरची भाकरी उचलून तिच्या हातावर ठेवली. "गरम आहे. फुंकून खा."