व्याह्यांची पंधरा फुटी काठी

लांब काठीने सॅल्मन धरणं ही मासेमारी नव्हे, ती साधना आहे. हे मला माझ्या व्याह्यांकडून कळलं. ते स्कॉटलंडमध्ये राहतात आणि मी डोंबिवलीत, त्यामुळे ही साधना मला पार्सलने मिळाली.

मुलीच्या लग्नाला ते इथे आले होते. उंच, अबोल स्कॉटिश गृहस्थ. डोक्यावर फेटा, पुढ्यात श्रीखंड आणि चेहऱ्यावर भलत्याच हॉलमध्ये शिरल्याचा भाव. यजमान म्हणून मी शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही दोघांनी पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मासे धरता का?

मुलीच्या बापाने वरपक्षाला नाही म्हणायचं नसतं ही प्रथा किती बुरसटलेली आहे, यावर मी आयुष्यभर बोलत आलोय. मी म्हणालो, "कधीकधी. जवळच खाडी आहे."

वर्षभराने खोकं आलं. चार तुकड्यांत एक काठी, एक रीळ, जाडसर दोरी, पिसं बांधलेले गळ आणि एक पुस्तक. तुकडे जोडले तर काठी पंधरा फूट होते. आमचा हॉल तेवढा नाही. तीन तुकडे जोडून चौथा मी बाल्कनीतून बाहेर काढला, तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत घेतले.

रिळाचं नाव सिंगल अ‍ॅक्शन. हे नाव ऐकून मला दडपण आलं होतं. पुस्तक वाचल्यावर कळलं की हँडल एकदा फिरवलं की रीळही एकदाच फिरतं. बस. आत दुसरी काही यंत्रणाच नाही. मासा पळायला लागला की हँडल उलटं गरगरतं आणि मधे बोटं असतील तर ती सुजतात.

"ही तर संक्रांतीची फिरकी," बायको म्हणाली.

"ह्याला दात्यांची चाकं नसतात, ह्याचं तत्त्व असं की..."

"फिरकीलाही नसतात."

मी पुस्तक मिटलं. त्याच रात्री मुलीचा फोन आला.

"बाबा, ती काठी त्यांच्या वडिलांची आहे. ते तिला कुणाला हात लावू देत नाहीत. आम्ही सगळे जानेवारीत येतोय, आणि त्यांना तू गळ टाकताना बघायचंय."

"मी डोंबिवलीत राहतो हे त्यांना माहीत आहे ना?"

"खाडी आहे असं तूच सांगितलंस म्हणे."

"ते पंख्याखाली सांगितलं होतं."

ती हसली नाही. "बाबा, तुम्हा दोघांना बोलायला दुसरा विषय नाहीये रे. मी खूप शोधला. हवामान, क्रिकेट, सगळं करून झालं. हा एकच आहे. तो तरी टिकव."

मुलीने माझ्याकडे फारसं कधी काही मागितलेलं नाही. मी टेरेसवर सराव सुरू केला.

काठी दोन्ही हातांनी धरायची, दोरी मागे न्यायची आणि पुढे फेकायची, अशी माझी समजूत होती. मागे गेलेली दोरी इंटरनेटच्या केबलला मिठी मारून बसली. सेक्रेटरी वर आले. त्यांनी काठीच्या शेंड्यापासून माझ्यापर्यंत सावकाश नजर आणली.

"काका, हे कशासाठी?"

"सॅल्मनसाठी."

"टेरेसवर?"

 त्यानंतर टेरेसला कुलूप लागलं. पुस्तकात पुढे होतं की दोरी मागे न नेताही टाकता येते. ती समोरच्या पाण्यावर ओढायची, बाजूला एक वळण द्यायचं आणि तशीच पुढे सोडायची. मागे झाडं असल्यामुळे जागा नसते, म्हणून ही पद्धत निघाली. मागे जागा नसणं या विषयात डोंबिवलीकरांना शिकवण्यासारखं फारसं नाही, म्हणून मला जरा धीर आला. पण त्याला समोर पाणी लागतं. मी तुकडे पडद्याच्या कापडात गुंडाळून रिक्षाने पश्चिमेच्या खाडीवर गेलो.

तिथे एक जुनी जेट्टी आहे. तिचं टोक खचून पाण्यात गेलंय. जवळच एक कोळीण मावशी जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मी काठी जोडून उभा राहिलो तशा त्या लगबगीने उठून आल्या.

"सायेब, माप घेताव काय जेट्टीचं? कवा करताव दुरुस्ती?"

"नाही हो मावशी, मी मासे धरतोय."

"या झारूनं?"

मी गळ दाखवला. त्यांनी पिसं बोटाने उलटसुलट केली. "मासा पिसां खाते?"

प्रामाणिकपणे सांगणं भाग होतं. "हा मासा समुद्रातून नदीत चढला की काहीच खात नाही."

"मंग?"

या 'मंग'वर पुस्तकात चांगली लांबलचक चर्चा आहे. मासा चिडून तोंड मारतो, जुन्या सवयीने मारतो, की नुसत्या कुतूहलाने, यावर मतभेद आहेत. मी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा मला कमी समजलं. मावशींनी गळ माझ्या हातात परत ठेवला. "मोट्या सायबाला सांगा जेट्टीचं," एवढं बोलून त्या जाळ्याकडे परत गेल्या. काठी मोजमापाची नाही हे त्यांना पटलं नव्हतं. खरं तर मलाही आता नक्की सांगता आलं नसतं.

जानेवारीत व्याही आले. त्यांच्या जाकिटाला मोजता येणार नाहीत इतके खिसे होते. आम्ही सगळे खाडीवर गेलो. मुलगी माझ्या मागे उभी होती. मी दोरी समोर ओढली, वळण दिलं, सोडली. ती थोडी पुढे जाऊन माझ्याच पायाशी येऊन पडली.  

मग व्याह्यांनी काठी हातात घेतली. दोरी पाण्यावरून उठली, हवेत एक लांब वळण उलगडत गेलं आणि गळ पार मधल्या धारेत आवाज न करता उतरला. मी अशा गोष्टींना सहसा दाद देत नाही. दिली.

"फेकतंय बरां," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात काठी वाकली. रीळ किंचाळलं, हँडल उलटं गरगरलं. काठावर माणसं जमली, "सोरू नको, सोरू नको" असा ओरडा झाला. व्याही मात्र शांत होते. ते दोरी थोडी देत, थोडी घेत, काठाने चालत राहिले. शेवटी गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. धारेत फुगलेली सिमेंटची रिकामी गोणी होती.

 त्यांनी हलकेच गळ सोडवला, गोणीचं तोंड प्रवाहाकडे केलं, क्षणभर तिला पाण्यात आधार दिला आणि सोडून दिलं. त्यांच्याकडे पकडलेला सॅल्मन असाच परत सोडायचा असतो. ते विनोद करत होते की नियम पाळत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. व्याह्यांना हसायचं नसतं, म्हणून मी पंख्याकडे पाहावं तसं आकाशाकडे पाहिलं.

"वापस टाकली!" मावशी ओरडल्या. "आदीच गाल भरलाय यवरा!" मग गाळाचं सोडून त्या थेट व्याह्यांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मते मोठा साहेब अखेर आला होता. "सायेब, जेट्टी कवा?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. त्यांनी जेट्टी खरोखरच पाहिली. टोकापर्यंत जाऊन बुटाने दगड हलवून बघितला, ओहोटीला होड्या कुठे लागतात ते विचारलं. मी विचारून सांगत गेलो. परतताना रिक्षात ते सलग बोलत होते. त्यांच्या गावच्या धक्क्याचीही अशीच गत होती म्हणे, आणि त्यांचे वडील जन्मभर त्यासाठी अर्ज करत राहिले. काठीचा उल्लेखही झाला नाही. मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्या आरशात आम्हाला बघत होती, आणि आरशात तिचे दात दिसत होते.

आता दर रविवारी व्याही स्वतः फोन करतात. मुलीला मधे बसावं लागत नाही. ते आधी जेट्टीचं विचारतात, म्हणून दर शनिवारी मी ती बघून येतो.

जेट्टी होती तशीच आहे.