परवानगीची तार

प्लेगच्या पहिल्या साली आमच्या पलटणीची एक तुकडी कल्याण स्टेशनावर लावली होती. मी हवालदार. गाडी आली की उतारूंना रांगेत उभं करायचं. आमचे इंग्रज डॉक्टरसाहेब ताप आणि गाठ बघायचे. संशय आला की माणूस छावणीतल्या झोपडीत. लोक शिव्या द्यायचे, बायका रडायच्या. आठ आठ तास उभं राहून आमचे पाय सुजायचे.

नाईक रामा पाटील कळव्याचा. आजाऱ्यांना हात लावायला कोणी तयार होईना, तेव्हा हा उचलायचा. एका सकाळी परेडला उभा राहिला आणि तिथंच खाली बसला. जांघेत गाठ होती.

त्याच दिवशी अकरा वाजता मुंबईहून दोन परदेशी डॉक्टर आले. एक फ्रान्सचे, एक रशियाचे. आपल्याकडची जहाजं त्यांच्या बंदरात घ्यायची की नाही, हे त्यांच्या रिपोर्टवर ठरणार होतं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना फक्त रिकाम्या झोपड्या दाखवल्या.

रशियन डॉक्टर माझ्यासमोर थांबले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "शिपायांत कोणी आजारी?"

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी सलाम ठोकला. "यस सर. एक नाईक."

फ्रेंच डॉक्टरांनी रामाला तपासलं, पेटीतून टोचायचं औषध काढलं. "लगेच दिलं तर आशा आहे."

"मुंबईच्या हुकमाशिवाय नाही," साहेब म्हणाले. "औषध तुमचं. शिपाई आमचा."

आवाज चढले. पावणेबाराला मुंबईला तार गेली.

रामानं डोळे उघडले. "हवालदार, ये कनाला भांडतान?"

"तुझ्या औषधावरून."

"मंग कोनीबी द्या ना."

दोन वाजले तरी उत्तर नाही. साहेबांनी कोट काढला, रामाचा दंड स्वतः धरला आणि फ्रेंच डॉक्टरांना म्हणाले, "द्या."

त्यानंतर तिघेही डॉक्टर त्याच्या अंथरुणापाशी गुडघ्यांवर बसून होते. सहा वाजून दहा मिनिटांनी रामा गेला. परवानगीची तार सातला आली. साहेबांनी ती वाचली, फ्रेंच डॉक्टरांच्या हातात दिली.

खाडीकाठी पलटणीतल्या आम्ही चौघांनी त्याला अग्नी दिला. घरच्यांना येऊ दिलं नाही. पंधरवड्यानं मी कळव्याला गेलो. त्याच्या बापानं एकच विचारलं, "शेवटाला पानी कोनी पाजला?"

"रशियाच्या डॉक्टरनं."

"कुठला तो?"

"फार लांबचा."

म्हातारा म्हणाला, "त्याचा बी भला होवो."