तक्रारीचा कौल

"हात काय भाड्यानं आणलेत व्हय गं तुम्ही सगळ्यांनी?" आमचा सुपरवायझर ओरडत होता, आणि तो आवाज पॅकिंग हॉलच्या पत्र्यावर आपटून थेट तिळारीच्या धरणाला धडकून परत येत होता. "सकाळधरनं आठ खोके. शेणाच्या पाट्या उचलायच्या लायकीच्या बाया, आणि भरायला दिलीत औषधं."

माणूस कोल्हापूरकडचा. ही हकीकत मी आजवर जिथे जिथे सांगितली तिथे तो सात फुटी असतो. खरं तर तो माझ्या खांद्याला लागायचा. पण आवाजाची उंची धरली तर सात फूट कमीच.

त्याच्यापुढे स्टुलावर बसलेली बाई डिचोलीची, माझी मैत्रीण. खाणीचे ट्रक थांबले तेव्हापासून तिचा नवरा घरी, आणि घरातली चार तोंडं हिच्या पगारावर. तिने मान वर केली आणि शांतपणे म्हटलं, "टेप संपली सर. तासभर मागतेय."

त्याने तिच्या हातातली टेप-गन हिसकावली आणि दोन हातांवरून तिच्याच तोंडावर फेकली. खोके चिकटवायचं ते लोखंडी हत्यार, टेप तोडायला पुढे करवतीसारखे दात. ते दात भुवईत रुतले आणि गन तिथेच लोंबली. हे मी वाढवून सांगत नाही. लोंबली, मग पडली, आणि मग रक्त आलं. डोळा भरला, गाल भरला, पुढ्यातला पांढरा खोका भरला. तिच्या खालचं स्टूल त्याने लाथेने उडवलं. ती फरशीवर बसती झाली तेव्हा तो म्हणाला, "रक्त पूस आधी. माल खराब होतोय."

पुढचं मी दोन प्रकारे सांगते. लग्नाच्या पंगतीत सांगते तेव्हा मी त्याला उचलून पट्ट्यावर आडवा टाकते आणि लेबल लावून परदेशी पाठवते. झालं ते एवढंच की घरंगळत आलेलं स्टूल मी उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. करवंटी फुटावी तसा नाकाचा आवाज आला. दुसऱ्या वेळी उचललं ते जास्त वर उचललं होतं. चार बायांनी मला मागून धरलं म्हणून तो माणूस आज श्वास घेतो.

हॉलमध्ये कॅमेरा होता, पण तोंड दाराकडे करून. चोर धरायला लावलेला, साहेब धरायला नव्हे.

रुमालातून रक्त गाळत तो म्हणाला, "मी जिन्यावरनं पडलो. ही पण पडली. मिटलं."

आरोग्य केंद्रात तिला चार टाके पडले. डॉक्टरला तिने जनेल, म्हणजे खिडकीचं दार, लागलं म्हणून सांगितलं, आणि नवऱ्यालाही तेच.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी तिच्या कानाशी लागले. "एचआरकडे जाऊया."

"गेलो तर तुकाय नोकरेतल्यान काडतले गो."

"आणि नाही गेलो तर?"

"फुडच्या खेपेक डोळो," ती म्हणाली.

ती बरोबर बोलत होती. आदल्या वर्षी त्याने एकीचं बोट टेबलाच्या खणात घालून खण दाबून धरला होता, ती माफी मागेपर्यंत. आणि मी, गावात बैलाच्या शिंगाला धरून बोलणारी म्हणून प्रसिद्ध असलेली बाई, खिडकीबाहेर बघू लागले. अकरा वर्षांची नोकरी होती माझी. शेवटी, आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, जे करतात तेच आम्ही करायचं ठरवलं. रविवारी ती इब्रामपूरला माझ्या घरी आली आणि आम्ही गावच्या देवाला कौल लावायला गेलो.

कौलाचा नियम असा की देवापासून काही लपवायचं नाही. लपवलं तर कौल खोटा. आणि पुजारी ऐंशीच्या घरातला, कानाने अधू. त्यामुळे देवाला जे सांगायचं ते त्याला ओरडून सांगावं लागलं. टेप-गन सांगितली, टाके सांगितले. माझं स्टूल सांगितलं, तेही अभिमानाने, कुठल्या पायाने नाक मोडलं त्यासकट. मंडपात तीसेक माणसं आपापल्या प्रश्नांची वाट बघत बसली होती. ती आपले प्रश्न विसरली.

पुजाऱ्याने ओल्या पाषाणावर डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवल्या. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान सायबाविरुद्ध कागद दिवचो काय दिवचो न्हय, ता तू सांग म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला. सगळ्यात मोठ्याने म्हणाली ती आमच्या कंपनीच्या बस-ड्रायव्हरची आई.

उजवी पाकळी टपकन पडली. द्यावा.

सोमवारी आम्ही कागद घेऊन एचआरच्या केबिनमध्ये शिरलो तर सुपरवायझर आधीच तिथे. नाकाला पट्टी, आणि पुढ्यात त्याचा कागद. स्टूल, त्याचा कुठला पाय, सगळं त्यात, आणि साक्षीला ड्रायव्हरची सही. त्याच्या आईने देवाला दिलेला होकार रात्रीतून त्याच्या बसच्या पुढच्या सीटवर, सुपरवायझरच्या कानात, पोचला होता.

एचआरची बाई म्हापशाची, टापटीप. तिने मला विचारलं, "तुम्ही मारलंत?"

मी तोंड उघडण्याआधी मैत्रीण म्हणाली, "ती हॉलातच नव्हती, मॅडम."

"कशाला खोटं गं," सुपरवायझर हसला. हसताना नाक दुखलं असावं, कारण ते अर्ध्यातच मोडलं. "मॅडम, मी माझा कागद फाडतो. तिनं तिचा फाडावा. पडलो होतो दोघंबी."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा उघडा, दुसरा जांभळा, भज्यासारखा फुगलेला. ती मला विचारत होती, आणि मी हो म्हटलं असतं तर तिने त्याच क्षणी कागद फाडला असता. 'फाड' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. गोष्टी सांगताना मी हा भाग गाळते.

"मारलं मॅडम," मी म्हटलं. "एकदाच. दुसऱ्यांदा धरलं मला." आणि तिला म्हटलं, "दी गो कागद."

तिने कागद टेबलावर ठेवला, पट्टी सोडली आणि टाके दाखवले. संध्याकाळपर्यंत त्या कागदाखाली खणात बोट चेपलेलीने सही केली, मग मला धरणाऱ्या चौघींनी. चौकशी झाली. तो गेला. मीही गेले, मारहाणीच्या कलमाखाली, निरोपाच्या नारळाशिवाय.

आता शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात आमच्या शेतातली भाजी घेऊन बसते. परवा ती आली. भुवईत पांढरी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. तांबड्या भाजीची जुडी उचलून ती देठ बघत राहिली. मी विचारलं, नवीन सुपरवायझर कसा आहे, ओरडतो का.

"बोबाटता," ती म्हणाली. "पण आपले हात आपल्याकडेच ठेवता."