माग थांबला की हात जातो

अक्कम्माचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाणी, भाकरी, झाडलोट उरकून ती सातच्या ठोक्याला कारखान्यात. टॉवेलच्या त्या शेडमध्ये तिने अठ्ठावीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, शिवाय शेजारचे दोन मागही सांभाळले. मी तिथे जॉबर होतो. माग दुरुस्त करायचे आणि कामगारांवर नजर ठेवायची, हे माझं काम. माग गप्प झाला म्हणजे कांडी संपली किंवा सूत तुटलं. आवाज बंद होताच हात कांडीकडे गेला पाहिजे, ही सवय मी लावली. उशीर झाला की मी ओरडायचो. अक्कम्मावर दोनदाच ओरडावं लागलं.

कारखाना बंद पडला, आम्ही दोघं आपापल्या घरी बसलो. यंदा तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. नवरा नाही, मुलगी पूनम पुण्यात नोकरीला. शेजारी मी, म्हणून दवाखान्यात मी गेलो.

डॉ. प्रियदर्शनींनी नीट समजावलं, तेवढं श्रेय त्यांना. "गाठीच्या काही भागाला रक्तातून प्राणवायू पोचत नाही. असा भाग औषधाला लवकर दबत नाही. एमआरआयमध्ये आधी साधी हवा, मग मास्कमधून प्राणवायू देऊ आणि दोन्ही वेळची चित्रं ताडून बघू. सोमवारपासून इंजेक्शनं. मग पुन्हा चित्र. गाठ लहान व्हायच्या आधीच औषध लागू पडतंय का, याचा अंदाज येतो का, हे आम्ही अभ्यासतोय."

"आन् सोमवारच्या आधी चित्र न्हाई निघालं तर?" अक्कम्माने विचारलं.

"मग ताडायला काही नाही. दोन-तीन महिन्यांनी गाठ मोजायची."

"म्हंजे लागू न पडणारं औषध मी तीन महिने घेत बसू?"

डॉक्टरांनी बुधवारची तारीख लिहून दिली.

बुधवारी तपासणी झाली. यंत्रावरच्या सिद्धूने तिला दिलेल्या झग्यावर दुसऱ्या कुणाचा तरी पिवळा डाग होता आणि एक नाडी तुटलेली. तिला पालथं झोपवलं, छाती टेबलातल्या दोन खळग्यांत, हात डोक्यापुढे. "हलायचं नाही," एवढं बोलून सिद्धू काचेमागे मोबाइल घेऊन बसला. एकदाही मान वर नाही. असा माणूस माझ्या शेडमध्ये आठवडाभर टिकला नसता.

पाऊण तासाने तो वैतागून बाहेर आला. "सगळं वाया घालवलं बाईंनी. चारदा हात हलवला, खांदा सरकला. अडाणी माणसं आणता कशाला?" आणि कागदावर लिहिलं: रुग्णाने सहकार्य केले नाही.

ते वाक्य वाचून मला शिसारी आली. ज्या बाईने उभ्या जन्मात कामात कसूर केली नाही, तिच्या नावावर हे.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी विचारलं, "हात कधी हलवलास?"

"मी कुटं हलवला? आपोआप गेला." मग ती हसायला लागली. "अण्णा, ते मशीन लई बडवतं की, आपल्या शेडवानी. मधीच गप्प होतं. मला वाटलं, आता तुमी बोंबलणार."

चहा तोंडात कडू झाला. सिद्धूने सांगायला हवं होतं की यंत्र मध्ये मध्ये थांबतं. पण हात मी घडवला होता.

डॉक्टरांच्या अभ्यासातली फुकट तपासणी एकदाच. शनिवारी पुन्हा करायची तर पैसे भरा. घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायला तिने मजुरीतून पैसे साठवले होते. मी देतो म्हटलं.

"ठेवा तुमचं. गाठ माझी, मजुरी माझी."

शनिवारी मी सिद्धूला सांगितलं, "यंत्र थांबायच्या आधी मला बोट दाखव. मी तिच्याशी बोलणार."

"तुम्ही कोण?"

"तिचा जॉबर."

त्याला काही कळलं नाही. शेजारी उभ्या डॉ. प्रियदर्शनींना कळलं; मागाचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी माईक माझ्याकडे दिला आणि सिद्धूचा मोबाइल टेबलाच्या खणात टाकला.

"अक्कम्मा, आता थांबणार. सूत तुटलेलं नाही. हात तसाच."

काचेतून तिचा हात दिसत होता. आवाज बंद झाला. बोटं वळली, हात जागेवर राहिला. असं चार वेळा. चौथ्या वेळी बोटंही हलली नाहीत.

चित्रं स्वच्छ आली. सोमवारची इंजेक्शनं आता आंधळी नव्हती, एवढं खरं. अक्कम्मा बाहेर आली तेव्हा नाकावर मास्कचे वळ होते.

"जमलं का, अण्णा?"

"जमलं."

"मग हजेरी लावा की."

सिद्धूने पैशांची पावती तिच्याकडे न बघताच सरकवली. पत्रे अजून तेच आहेत. अठ्ठावीस वर्षं हात थांबू न देता मिळवलेली मजुरी पाऊण तास हात थांबवण्यात गेली.