सत्तावन्न, यस सर

निवृत्त मास्तरला लोक काम विचारून सांगत नाहीत, सरळ गळ्यात घालतात. आमच्या कॉलेजच्या बॅचनं धारला जमायचं ठरलं, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, आणि कोण आयुष्यात कुठे पोचलं याची पुस्तिका मी काढणार असं ग्रुपच्या ॲडमिननं परस्पर जाहीर केलं. हा गृहस्थ कापडाचं दुकान मुलाकडे देऊन आता नुसता गादीवर बसतो. मीच का, तर म्हणे माझं अक्षर चांगलं. छापायच्या पुस्तकात अक्षराचं काय डोंबल! पण मनातून मी खूश झालो होतो, ते कशाला लपवू. सगळी नोकरी गंधवानी आणि नालछ्याच्या सरकारी शाळांत गेली, आता धारलाच घर. या निमित्तानं कुणीतरी मलाही विचारेल, भिया, तू क्या करता रहा, असं वाटत होतं.

टाइप करायचा सगळ्यांना कंटाळा. मराठी घरांतले बरेच, पण शाळा हिंदीत झालेली, मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटतो. म्हणून जो तो आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. आधी रोल नंबर, मग बाकीचं, हा नियम मी घातला होता. सकाळचा चहा झाला की मी वही घेऊन ऐकत बसे. कुणी बँकेत मॅनेजर होऊन सुटला, कुणी सोयाबीनच्या धंद्यात गब्बर झाला. एकानं चार मिनिटं मुलाचं कॅनडातलं घर सांगितलं, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

मग एका सकाळी फोनमधून आवाज आला, ‘रोल नंबर सत्तावन्न.’ जाडसर, थोडा नाकातून, शेवटाला ओढलेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज त्याचा नव्हताच. तो मी तयार केलेला होता.

सत्तावन्न माझा मित्र. मूळचा देवासचा, धारला मावशीकडे राहून शिकायला आलेला. माझा नंबर बारा. पहिल्या वर्षाचे तीन-चार महिने आम्ही शेजारी बसलो. आवाज त्याचा अगदी बारीक, पिपाणीसारखा. मग वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांच्या जागी कारखान्यात उभं राहायला त्याला देवासला परत जावं लागलं. परीक्षा तो येऊन स्वतः देणार होता, पण हजेरी पुरी नसेल तर परीक्षेला बसू देणार कोण? मी म्हटलं, तू जा, तुझी हजेरी मी लावतो.

वर्गात शंभरावर मुलं, आणि सर हजेरीच्या वेळी मान वर करत नसत. बाराला मी माझ्या आवाजात घाईघाईनं ‘यस्सर’ म्हणून मोकळा व्हायचो, कुणी बघू नये म्हणून. मग हळूच मागच्या बाकावर सरकायचं आणि सत्तावन्नला छातीतून आवाज काढायचा, ‘यस सर’. अडीच वर्षं हे चाललं. आणि आता खरं सांगतो, मला त्याची चटक लागली. बारा नंबरच्या तोंडातून शब्द फुटत नसे. सत्तावन्नच्या आवाजात मात्र मी सरांना उलट प्रश्न विचारले, वर्ग हसवला, एकदा फी वाढली तेव्हा प्राचार्यांच्या दारात उभा राहून बोललो. मी भित्रा होतो. तो नव्हता.

मांडूच्या सहलीत जिथे आवाज उलटून येतो, तिथे उभं राहून जो तो आपापला नंबर ओरडत होता. मी बारा ओरडलो. काहीच परत आलं नाही. मग सत्तावन्न ओरडलो, तर पलीकडून इतकं स्वच्छ उत्तर आलं की मी दचकून मागे वळून पाहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी वर्गाचा फोटो निघाला. एका सरांना संशय आला होता, सत्तावन्न फोटोत दिसला पाहिजे असं ते बजावून गेले होते. फोटोग्राफरचा माणूस वहीत ओळीनं नावं लिहून घेत होता. तो माझ्यापुढे आला तेव्हा मी विचार केला, आपली हजेरी चोख आहे, आपल्याला पुरावा कशाला हवा? आणि त्याचं नाव सांगितलं. फोटोखाली छापून आलं: चेहरा माझा, नाव त्याचं. माझं नाव सगळ्यात खाली, अनुपस्थित मुलांच्या ओळीत. एक प्रत मी टपालानं देवासला पाठवून दिली. पुढे तो परीक्षेला आला तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

आता ग्रुपवर त्याचा आवाज पडला तसा एकच गलका झाला. अरे, प्राचार्यांना भिडलेला तो हाच. अरे, मांडूला ओरडला होता तो. कुणीतरी जुना फोटो टाकला, माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, भिया तो वैसा का वैसा याद है. दोन दिवसांनी मी माझी माहिती टाकली. दोन जोडलेले हात आले. ॲडमिननं खाजगीत विचारलं, बुरा मत मानना, आप कौन-से सेक्शन में थे? पुस्तिका मी काढतोय आणि हा मलाच विचारतोय! कपाळ माझं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

पण मला राग नंतर आला. आधी भीती वाटली. तो आवाज मी त्याला कधी ऐकवलेला नव्हता, मला लाज वाटायची. मग त्याच्या घशात तो आला कुठून? फोनवर विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती. बायकोला पुस्तिकेचं काम आहे असं सांगितलं आणि इंदूरला बस बदलून मी देवास गाठलं. वीसेक वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो.

दार त्यानंच उघडलं. भांग डावीकडे, मिशी ओठांवर बारीक कापलेली. कॉलेजात मी अशीच ठेवायचो. पुढे माझे केस गेले आणि मिशीही मी काढली. ‘ये,’ तो म्हणाला, त्याच जाड आवाजात. बसता बसता मी आवाजाचं विचारलं. यंत्रांच्या खडखडाटात तीस-पस्तीस वर्षं ओरडून ओरडून असा झाला, असं तो म्हणाला. पटण्यासारखं होतं. तरी मला पटलं नाही.

फोटो समोरच्या भिंतीवर होता, फ्रेम करून. वहिनींनी चिवडा आणि चहा आणला. त्याची मुलगी देवासलाच एका कॉलेजात शिकवते, तीही येऊन बसली. नुकतंच तिनं एका मुलाची प्रॉक्सी पकडली होती आणि त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. घरी सगळे तिला फार कडक म्हणतात, असं ती सांगत होती. ‘पण काका, बाबांनी वडिलांच्या आजारपणातसुद्धा एक दिवस खाडा केला नाही. मी वर्गात दरवर्षी पहिल्या दिवशी हेच सांगते.’ वहिनी मान डोलावत होत्या. तो कपातल्या चहाकडे पाहत होता.

मग तिनं त्याला मांडूची गोष्ट सांगायला लावली. त्यानं सांगितली, आणि छान सांगितली. शेवटी म्हणाला, ‘आवाज इतका साफ आला, की मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी ओरडलं की काय म्हणून.’ मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते आठवत होतं.

मुलगी उठून फोटोपाशी गेली. माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘बघा, बाबा अजून तसेच दिसतात ना?’ मी पाहिलं. खोटं कशाला सांगू, दिसत होता. माझ्यापेक्षा जास्त. मग तिनं विचारलं, ‘आणि काका, तुम्ही कुठे आहात यात?’

तिनंच खाली वाचत वाचत माझं नाव शोधून काढलं.

‘मी त्या दिवशी गैरहजर होतो,’ मी म्हणालो.

निघताना ती पाया पडली आणि हसत म्हणाली, तुम्ही साक्षीदार, खरं सांगा, बाबांची हजेरी खरंच पुरी होती ना? मी म्हटलं, सत्तावन्नचा एकही खाडा नाही, मी स्वतः ऐकलंय. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

तो मला बस स्टँडवर सोडायला आला. संध्याकाळ व्हायची होती, टेकडीवर देवीला जाणाऱ्यांची गर्दी दिसत होती. त्यानं तिकडे बघून हात जोडले. मग म्हणाला, ‘मुलगी मला गाडीनं घेऊन येणार आहे धारला. तू येऊ नकोस.’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘आपण दोघं शेजारी उभे राहिलो तर लोकांना कळेल,’ तो म्हणाला. ‘तिलाही कळेल.’

आता मात्र माझं डोकं फिरलं. ‘अरे, चेहरा माझा आहे तो!’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘पण चाळीस वर्षं मी सांभाळलाय. माझ्याकडे दुसरा नाही. त्या वयात मी यंत्रापुढे उभा होतो, माझा कुणी फोटोच काढला नाही.’

मी बसमध्ये चढलो. इंदूरपर्यंत मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. त्याच्यासाठी मी घसा फोडला, आणि हा मलाच येऊ नको म्हणतो! पण इंदूर सोडलं आणि शिव्या सरल्या. गंधवानीला असताना पोरं एकमेकांची हजेरी द्यायची, मला आवाजावरून तत्काळ कळायचं. कुणी म्हशी राखायला गेलेला असायचा, कुणी मजुरीला गुजरातेत. मी मान वर करत नसे.

संमेलनाच्या सकाळी बायको देवळात भंडाऱ्याला गेली. मी कोट घातला, पुस्तिकांचा गठ्ठा आदल्या दिवशीच ॲडमिनकडे पोचवला होता. चप्पल घालायला वाकलो आणि दारातल्या खुर्चीत बसलो तो बसूनच राहिलो. डोळ्यांपुढे ती पोरगी येत होती, तिच्या वर्गातला तो पहिला दिवस येत होता. दहा वाजले, अकरा वाजले. मला जायचं होतं हो, फार जायचं होतं.

दुपारी ग्रुपवर व्हिडिओ आला. आमचे सर, आता पार वाकलेले, खुर्चीत बसून पूर्वीसारखी हजेरी घेत होते. कॅमेरा त्यांच्यावरच होता, बाकीचे फक्त ऐकू येत होते. दस, यस सर. ग्यारह, यस सर. ‘बारह,’ सर म्हणाले. कुणी बोललं नाही. सरांनी पुन्हा विचारलं, ‘बारह?’

मागून कुठून तरी बारीक, घाईघाईनं गिळलेला आवाज आला, ‘यस्सर.’

सर पुढे गेले. त्यांनी मान वर केली नाही. मी सत्तावन्नची वाट पाहिली. त्याच कोपऱ्यातून जाड आवाज आला, शेवटाला ओढलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ मागे नेऊन बारा पुन्हा ऐकला, मग आणखी एकदा.

तेवढ्यात बायको देवळातून परतली. माझ्या अंगातला कोट पाहिला, फोनकडे पाहिलं. ‘अहो, हा तुमचाच की आवाज. मी देवळात गेले तेवढ्यात जाऊनही आलात?’

‘हो,’ मी म्हणालो, ‘हजेरी लावून आलो.’ आणि कोट काढून तिच्या हातात दिला.