भस्माची बाजू

सिरसाळ्याच्या दूध संस्थेचा टेम्पो आसाराम बावीस वर्षं चालवत होता. संस्थेनं तो जुनाच घेतलेला. साडेचार लाख किलोमीटर दाखवून काटा बंद पडला, तेव्हापासून गाडी किती पळाली हे त्या वैजनाथालाच ठाऊक. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात गावची सगळी जनावरं चारा छावणीत होती. बायका तिथंच धारा काढायच्या आणि आसाराम ते दूध परळीच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचा. पण त्या आठवड्यात दोनदा दूध वाटेतच नासलं.

दोष होता रेडिएटरच्या पंख्याचा. पत्र्याच्या सहा पात्यांपैकी एक मागं झिजून तुटलं होतं. तोल जाऊन गाडी थरथरायला लागली, म्हणून आसारामनं त्याच्या समोरचं धडधाकट पातंही करवतीनं उडवलं. चार पात्यांवर दोन वर्षं निभावली. आता त्यातलंही एक तडकलेलं. चढ आला की इंजिन तापायचं, गाडी उभी करावी लागायची, आणि ती निवेपर्यंत दूध फाटायचं. वर दर खेपेला रेडिएटरला घागरभर पाणी. गावात टँकर पाचव्या दिवशी यायचा.

"माणसाला न्हाई अन् हिला पाजा," त्याची बायको केसरबाई म्हणायची. म्हणायची आणि घागर पुढं करायची.

त्या दिवशी सकाळीच संस्थेचे चेअरमन सुंदरराव दारात आले.

"आसाराम, केंद्राचा निरोप हाय. आज सांजचं दूध नासलं तर उद्यापासून आपल्या छावणीचं दूध घेणार न्हाईत."

"मंग बायांनी दूध न्यावं कुठं?"

"तेच तर तुला सांगाया आलो."

आसाराम एसटीनं परळीला गेला. ईश्वरप्पाच्या जुन्या सामानाच्या दुकानात ढीग उपसून उपसून एकदाचा मापाचा पंखा सापडला. ईश्वरप्पा शिवभक्त. दुकानातून जाणाऱ्या वस्तूला भस्माची तीन बोटं ओढल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. त्यानं पंखा मांडीवर घेतला, तीन पट्टे ओढले.

"आता ह्यो परत यायचा न्हाई बघ."

"आला तर?"

"तर तुझ्या हाताचा गुण म्हणायचा, माझ्या भस्माचा न्हाई."

दोन वाजता आसाराम संस्थेच्या दारातल्या लिंबाखाली गाडीपुढं बसला. रेडिएटरमधलं गंजाचं पाणी फडक्यातून गाळून त्यानं क्यानमध्ये धरलं, थेंब सांडू दिला नाही. रेडिएटर उतरवला, पट्टा सैल केला. जाम झालेल्या चार बोल्टांनी दोन्ही तळहातांची सालटी काढली. नवा पंखा बसवून, रेडिएटर परत चढवून, तेच पाणी ओतून त्यानं गाडी चालू केली. मग वहीचा कागद रेडिएटरच्या जाळीपुढं धरला. पंखा हवा ओढत असला की कागद जाळीला चिकटतो. हा कागद जरासा हलला आणि खाली पडला. त्यानं पुन्हा धरला. पुन्हा पडला.

त्यानं ईश्वरप्पाला फोन लावून कागद चिकटत नाही म्हणून सांगितलं.

"कोणती बाजू पुढं घातलीस?" ईश्वरप्पानं विचारलं.

"भस्माची."

"कावून?"

"देवाचं लावल्यालं. त्ये पाठमोरं कसं करायचं?"

"अरे बाबा, मांडीवर जी बाजू वर आली तिला लावलं मी. पात्याचं वळण बघायचं का भस्म? पंखा उलटा बसलाय. काढ अन् फिरव."

चार वाजले होते. पाचला धारा. आसाराम तसाच जमिनीवर बसून राहिला. कंबर उचलत नव्हती. भाकरी घेऊन आलेल्या केसरबाईनं त्याच्याकडं पाहिलं, भाकरी पायरीवर ठेवली आणि पदर खोचला.

"काय धरू ते सांगा."

पाणी पुन्हा क्यानमध्ये आलं. रेडिएटर तिनं पोटाशी धरला, त्यानं बोल्ट सोडले. त्यानं पंखा फिरवला तसं तिला राहवेना.

"अवं, भस्म इंजिनाकडं गेलं की."

"जाऊ दे. ताप तिकडंच हाय."

या वेळी कागद जाळीला चिकटला. तो पडतो का म्हणून दोघं बराच वेळ बघत राहिली. भाकरी तशीच गाडीत ठेवून आसाराम छावणीवर गेला.

क्यान ओळीनं मांडलेल्या होत्या. जानकीबाई दोन म्हशींची मालकीण, जिभेची तिखट.

"दूध पोचवता का दही, आधीच सांगा आसारामभाऊ. दही करणार असाल तर विरजण देते सोबत."

"द्या की," तो म्हणाला. बोलायचंही त्राण नव्हतं.

चढावर त्याचे डोळे रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त होते. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. गाडी कुठं थांबली नाही.

केंद्रावरच्या कारकुनानं एकेका क्यानचं झाकण उघडून वास घेतला, नळीत थोडं दूध घेऊन तपासलं. सगळ्या क्यान बघून होईपर्यंत आसाराम दाराला टेकून उभा होता.

"ओता," कारकून म्हणाला. "अन् उद्या अर्धा तास आधी या. आमाला बी घरं हायेत."

आसारामनं मान हलवली आणि पहिली क्यान उचलायला वाकला.